डाव्या फुग्यावरची कडी

(नदीचं रुंद वळण. हवा भरलेल्या दोन लांब फुग्यांवर बसवलेला लोखंडी सांगाडा, त्यावर पुढे-मागे दोन खुर्च्या. पुढच्या खुर्चीत नवरा हाताची घडी घालून, मागच्या खुर्चीत मेहुणा नांगराचा दोर धरून. मधल्या फळीवर, दोघांकडे आळीपाळीने मान वळवत, बायको.)

बायको : सांगितलं मी त्याला! आत्ताच सांगितलं. तुम्ही इथे, तो तिथे, मध्ये मी. तुमचं वाक्य माझ्या तोंडातून त्याच्या कानात. मी काय कर्णा आहे का तुमचा?

नवरा : मग परत सांग. कानात शिरलेलं दिसत नाही. म्हणावं, दोर आखूड सोडलाय.

मेहुणा : ताई, दाजींना म्हणावं, दोर पुरेसा आहे.

नवरा : पुरेसा असता तर मघाशी समोर होतं ते वाळकं झाड आता मागे गेलं नसतं.

बायको : थांबा जरा. झाड मागे गेलं म्हणजे काय?

मेहुणा : म्हणजे आपण थोडेसे वाहतोय, ताई.

बायको : नांगर टाकलाय ना तू?

मेहुणा : टाकलाय की.

बायको : मग?

नवरा : मग काय, नांगरही निघालाय आपल्याबरोबर फिरायला.

बायको : अरे, नांगर म्हणून टाकलंयस तरी काय खाली?

मेहुणा : माझ्या सलूनमधल्या जुन्या खुर्चीची बैठक. ती खालची गोल तबकडी असते ना, ती. अस्सल लोखंड आहे ताई. त्या खुर्चीवर एवढाले जाडजूड लोक बसून गेले, कधी हलली नाही.

नवरा : फरशीवर हलली नसेल. खाली चिखल आहे. तबकडी सपाट, बुडाला गुळगुळीत. तिला धरायला दात नाहीत. नांगराला नख्या लागतात नख्या, त्या चिखलात रुततात. विचार त्याला, असा नख्यांचा नांगर कुणी बनवला होता आणि तो आता कुठे आहे?

मेहुणा : तळाशी आहे. विचार त्यांना, का आहे?

बायको : कोणी कोणाला काही विचारायचं नाही! मी तुम्हाला काय सांगून आणलंय घरून? आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे कॅशिअर उद्या बोट बघायला येणारेत. त्यांच्या जावयाला हवीये. आज पाण्यातून बाहेर पडायच्या आत तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ तोंडाने बोललात, तर बोट राहील. नाहीतर हवा काढून, घडी घालून त्यांच्या डिकीत.

नवरा : अर्धी माझी आहे.

मेहुणा : आणि अर्धी माझी.

बायको : आणि राहते अख्खी माझ्या पलंगाखाली. रोज उठलं की पंप लागतो पायाला. तुम्ही अबोला धरलात, पण फुकट मी मेले त्यात. पूर्वी रविवारी सकाळी दोघं मासे धरायला इकडे यायचात. घर माझं एकटीचं असायचं. चहा घेऊन खिडकीत पाय वर करून बसायचे मी, कोणी विचारत नव्हतं. आता हे रविवारभर कपाटं उघडतात आणि लावतात. उघडतात आणि लावतात. काय शोधताय विचारलं तर म्हणतात, काही नाही.

नवरा : घर नीटनेटकं ठेवावं माणसानं.

बायको : आणि अवतार बघा! रिटायर होईपर्यंत कडक इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात जाणारा माणूस, आता पोपटी टी-शर्ट. त्यावर ही दाढी. शेजारीण मला विचारते, तुमचे मिस्टर नाटकात वगैरे काम करतात का हो?

मेहुणा : दाढीला आकार दिला तर...

नवरा : माझ्या दाढीबद्दल त्याने बोलायचं नाही म्हणावं.

मेहुणा : बरं. नाही बोलत.

बायको : झाड कुठे आहे आता?

मेहुणा : अं... दिसत नाहीये.

बायको : देवा! अहो, एकदाच सांगा, काय करायचं म्हणजे ही थांबेल.

नवरा : जेवढं पाणी खोल असेल त्याच्या निदान तिप्पट दोर सोडायचा. दोर आखूड असला की बोट नांगराला वर उचलते. लांब असला की आडवा ओढते, मग खालचं वजन तळाला बसून राहतं. हे त्याला वर्षानुवर्षं सांगून झालंय.

बायको : ऐकलंस?

मेहुणा : ऐकलं. सोडतो लांब. पण ताई, माझं म्हणणं एवढंच की ज्यांना इतकं सगळं समजतं, त्यांनी त्या दिवशी नांगर बोटीच्या कुशीला का बांधला? हे सोडून मला काहीही सांगा.

नवरा : ज्याला काही समजत नाही, त्याने मला न विचारता दोर का कापला?

बायको : झालं सुरू. मला दोघांच्या दोन्ही गोष्टी पाठ झाल्यात. याची गोष्ट : दाजींनी नांगर मागच्या टोकाला न बांधता डाव्या फुग्यावरच्या कडीला बांधला, धारेने बोट आडवी झाली, फुगा पाण्याखाली जायला लागला, मी सोडा सोडा म्हणून ओरडलो, यांनी सोडला नाही, म्हणून मी सुरीने कापला. तुमची गोष्ट : सोडतच होतो, तेवढ्यात याने घाईने सुरी चालवली, बोटीला झटका बसला, मी पाण्यात पडलो आणि माझ्या हाताने घडवलेला नांगर तळाला गेला. बरोबर?

नवरा : हो.

मेहुणा : बरोबर. त्यातलं "सोडतच होतो" सोडून.

बायको : आता हे बघा. आमच्याकडे शिकाऊ माणसानं गाडी कुठे ठोकली, की मी त्याला ऑफिसात बसवून हकीकत विचारत नाही. तिथंच परत नेते. त्याच वळणावर, तोच गिअर. म्हणते, कर आता तेच, हळू. पाच मिनिटांत कळतं कोणाचं चुकलं ते. काठाला घे बोट.

मेहुणा : कशाला?

बायको : जागा बदलायच्या. तू पुढे वल्ह्यांवर, हे मागे नांगराशी. त्या दिवशी बसला होतात तसे. आणि ज्या जागी झालं त्याच जागी जायचं.

नवरा : काही गरज नाही.

मेहुणा : काही गरज नाही, ताई.

बायको : अरे वा! एका सुरात? अख्खा उन्हाळा गेला, तुमचं एका वाक्यावर एकमत झालेलं ऐकलं नव्हतं.

मेहुणा : नाही, म्हणजे, नांगराचं काम मी करतोय ना. कर म्हणशील तितक्या वेळा करतो. दाजींना कशाला त्रास?

बायको : नांगर कायम यांच्याकडे असायचा. तूच सांगायचास, दाजींनी टाकला की बोट जमिनीवर उभी असल्यासारखी थांबते. आज एकदम त्रास कसा काय?

मेहुणा : वय झालं की...

नवरा : माझं वय काढू नकोस म्हणावं त्याला!

बायको : मग बसा मागे. नांगर वर ओढ, वल्ही मार आणि घे रे काठाला. अरे, डावीकडे. डावीकडे म्हटलं की डावं वल्हं नाही, डावीकडे! स्टिअरिंग असतं तर कान धरून फिरवलं असतं. हां. उतरा. अहो, सांभाळून, दगड निसरडा आहे. माझ्या खांद्याला धरा.

नवरा : लागत नाही खांदा.

बायको : बसा. लाइफ जॅकेटचा पट्टा लावा.

नवरा : लावलाय.

बायको : लोंबतोय तो. आणा इकडे मी लावते. चला रे, त्याच जागी.

मेहुणा : ताई, एक ऐकशील? आज इथे उथळात बसू, मासे बघू...

बायको : चल म्हटलं ना!

मेहुणा : तू लोकांना शिकवतेस तरी कशी गं? एवढ्या आवाजात मी तर ब्रेकऐवजी दार उघडून पळालो असतो.

बायको : पळाले आहेत दोघं-तिघं. इथे का ती जागा?

मेहुणा : हो. हेच. इथे धार जरा जोरात असते. बाहेरच्या बाजूने पाणी वळतं ना, म्हणून.

बायको : मग टाका नांगर. तुमच्या पद्धतीने.

नवरा : टाकतो.

बायको : एक मिनिट. दोर त्या मागच्या कप्पीतून घालायचा असतो ना? आणि मग चापात अडकवायचा? तुम्हीच बसवलं होतं ते. डायनिंग टेबलावर पसारा मांडून, लोखंडाचा कीस माझ्या चादरींवर उडवून. मला दाखवलंही होतं, एक हिसका दिला की सुटतो म्हणून.

नवरा : आज कडीला बांधतो.

बायको : का?

नवरा : इथे हात पोचतो.

बायको : कप्पीपर्यंत पोचत नाही? वीतभर तर लांब आहे.

मेहुणा : ताई, त्यांना नको म्हणून सांग. खरंच सांग. कडीला नको. दोर बोटीच्या टोकाला असला की पाणी टोकाने कापलं जातं. कुशीला असला की सगळी धार अंगावर येते. त्या दिवशी हेच झालं.

नवरा : हिला प्रात्यक्षिक हवं होतं ना? हे घ्या प्रात्यक्षिक. टाकला.

बायको : अहो, एवढ्या पटकन? बोट फिरतीये.

मेहुणा : फिरणारच. आडवी येणार आता. ताई, उजवीकडे सरक.

बायको : सरकू कुठे? फळीच एवढीशी...

मेहुणा : सरक म्हणतो ना! डावा फुगा दबतोय. दाजी, सोडा!

नवरा : सोडतोय.

मेहुणा : दाजी, सोडा!

नवरा : सोडतोय म्हटलं ना!

बायको : अहो, माझ्या पायावरून पाणी गेलं. अहो!

नवरा : गाठीवर ताण आलाय. गाठ...

मेहुणा : सुरी काढू?

नवरा : सुरी काढलीस तर याद राख! हिला पोहता येत नाही. झटका बसला तर ही जाईल पाण्यात.

मेहुणा : मग काय करू? बोला लवकर!

नवरा : वल्ही हिच्या हातात दे. तू गुडघ्यावर ये मागे. उजव्या बाजूने ये, उजव्या! अगं, तू रिव्हर्स घे.

बायको : काय घेऊ?

नवरा : रिव्हर्स! दोन्ही वल्ही पाण्यात घाल आणि छातीकडे ओढ. बोट नांगराकडे गेली की दोर ढिला पडेल. ओढ!

बायको : ओढतीये!

नवरा : दोन्ही सारखी. डावं जास्त चाललंय. तू शिकवतेस ना रोज, मागे घेताना घाई नाही, सरळ यायचं.

बायको : त्या गाडीला चाकं असतात हो!

नवरा : ओढ. अजून एकदा. अजून. येतीये. बघ, येतीये.

मेहुणा : दोर ढिला झाला. तशीच धर ताई, थांबू नकोस. ही काय गाठ आहे, दाजी! एकावर एक तीन वेढे... सुटत कशी नाही... सुटली. सुटली! दोर कप्पीत घालतो. घातला. चाप बसला. सोड वल्ही ताई, सोड आता.

बायको : सोडू? नक्की?

मेहुणा : सोड. बघ, वळली. टोक धारेकडे झालं. थांबली.

बायको : थांबली.

मेहुणा : थांबली.

बायको : माझे हात बघ कसे थरथरतायत.

नवरा : होतं तसं. दम खा. पाणी पी.

बायको : बोललात मात्र. दोघंही. सरळ, एकमेकांशी.

नवरा : ते बोलणं नव्हतं. ती ओरड होती.

बायको : हात दाखवा.

नवरा : कशाला?

बायको : माझे थरथरतायत वल्ह्यांनी. तुमचे कशाने? तुम्ही तर काहीच ओढलं नाहीत. मी बघत होते मागे वळून. बोटं गाठीवर होती तुमची, पण गाठ धरत नव्हती. नुसती फिरत होती तिच्यावरून. दाखवा.

नवरा : ओला दोर होता. गार पडतात बोटं.

बायको : या उन्हात? अहो, माझ्याकडे बघा. दाखवा हात.

नवरा : ...घे. बघ.

बायको : ही मूठ का मिटत नाहीये?

नवरा : मिटते. सकाळी बरी मिटते.

बायको : कधीपासून?

नवरा : झाले असतील काही महिने. आधी करंगळी आणि शेजारचं. आता अंगठाही ऐकत नाही. मध्येच कापतो आपला आपण.

बायको : म्हणून टी-शर्ट. बटणं लावता येत नाहीत म्हणून. आणि मी शेजारणीबरोबर हसत बसले तुमच्या पोपटी रंगाला.

नवरा : रंग मलाही आवडला नव्हता. मापाचा तोच होता.

बायको : आणि दाढी. आता मला हेही समजलं. तुम्ही सांगायचात, मेहुण्याकडे गरम टॉवेलने मस्त दाढी होते, घरी कोण करत बसेल. मला वाटलं, चोचले. वस्तरा धरता येत नव्हता म्हणून याच्याकडे जात होता. भांडण झालं आणि दाढी वाढली.

मेहुणा : दुसऱ्या सलूनमध्ये जायला सांगितलं होतं मी निरोप पाठवून. गेले नाहीत.

नवरा : परक्या माणसासमोर मान वर करून बसवत नाही.

बायको : तुला माहीत होतं.

मेहुणा : ताई...

बायको : तुला माहीत होतं आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास! नुसतं गिऱ्हाईक आहेत का ते तुझं? माझा नवरा आहे तो!

मेहुणा : शब्द घेतला होता गं माझ्याकडून. खुर्चीत बसल्यावर माणूस काय काय बोलतो, मी ते दाराबाहेर नेत नाही. पण त्या दिवशी दाजी पाण्यात पडले आणि वर आले ना, तेव्हा त्यांना फुग्याची दोरी धरता येत नव्हती. मी कॉलरला धरून आत ओढलं त्यांना. माझी पाचावर धारण बसली, ताई. घरी जाताना म्हटलं, दाजी, तुम्ही ताईला सांगा, नाहीतर मी तुमच्याबरोबर पाण्यात पाऊल ठेवणार नाही. ते म्हणाले, नको ठेवूस. झालं. एवढंच भांडण आहे. नांगर बिचारा उगाच मध्ये आला.

बायको : आणि मला सांगत होतात, दोर कापला, नांगर गेला, दोर कापला, नांगर गेला.

नवरा : नांगर गेल्याचं वाईट वाटलंच होतं. ते काही खोटं नाही.

बायको : मला का नाही सांगितलंत?

नवरा : तुला?

बायको : हो, मला! मी कोण आहे? रस्त्यावरची?

नवरा : तू माणसाला पहिल्या वळणावर ओळखतेस. गाडीतून उतरलीस की सांगतेस, हा चालवेल, हा नाही चालवणार. गेली कित्येक वर्षं जेवताना ऐकतोय मी. अमक्याचे हात घट्ट नाहीत, तमक्याला रस्त्यावर सोडता कामा नये. मला नव्हतं बसायचं तुझ्यासमोर परीक्षेला. आधी स्कूटरची किल्ली जाईल, मग गॅस पेटवू नका, मग बोट. लेथवर आयुष्य गेलं माझं. दुसऱ्याच्या कामातला केसाएवढा फरक बोट फिरवून सांगायचो. आता साधी सरगाठ मारता येत नाही, जी ओढली की सुटते. मारायला गेलो की निरगाठच होते. वेढे देत राहतो नुसते, बसेल तशी बसवतो. ती काय सुटणार?

बायको : मी घरात परीक्षा घेते का तुमची?

मेहुणा : घेतेस, ताई.

बायको : तू गप्प बस! तुझा हिशेब अजून व्हायचाय.

नवरा : त्याला काही बोलू नकोस. त्याचं बरोबर होतं. दोरही बरोबर कापला त्याने.

बायको : मला इतका राग आलाय ना तुमचा! भीती वाटतीये त्याहून जास्त, पण आधी रागच येतोय बाहेर. तुम्ही पाण्यात गेला असता. मी खिडकीत पाय वर करून चहा पीत बसले असते आणि कोणीतरी येऊन सांगितलं असतं. आणि त्याच्यानंतर मला कळलं असतं की बटणं लागत नव्हती. काय केलं असतं मी मग? काय केलं असतं, सांगा ना?

नवरा : रडू नकोस.

बायको : रडत नाहीये. घाम आहे.

नवरा : बरं.

बायको : उद्या डॉक्टर. गाडी मी चालवणार, तुम्ही शेजारी बसणार. आणि दवाखान्यात "थोडं जड वाटतं हो हाताला" असं मुळमुळीत बोलायचं नाही. मला सांगितलंत तसं सगळं सांगायचं.

नवरा : आणि कॅशिअर?

बायको : कोण कॅशिअर?

नवरा : उद्या बोट बघायला येणार ते. देऊन टाक त्यांना. मी काही म्हणणार नाही. याचाही जीव रोज टांगणीला कशाला?

मेहुणा : माझ्या अर्ध्या बोटीचं परस्पर काय ठरवताय?

नवरा : मग तू एकटा येणार आहेस?

मेहुणा : एकटा कशाला येऊ? मला मासे आवडत नाहीत.

बायको : काय?

मेहुणा : खायला नाही आवडत. पूर्वीपासून.

बायको : मग इतकी वर्षं इथे काय करत होतास तू?

मेहुणा : सलूनमध्ये दिवसभर मी बोलतो, ताई. इथे दाजी बोलू देत नाहीत. म्हणतात, मासे पळतात.

नवरा : पळतातच.

बायको : माझ्या डोक्यावर केस उरलेत हेच नवल. दाखवा.

नवरा : आता काय दाखवू?

बायको : हा चाप. कसा सोडायचा, कसा अडकवायचा, दाखवा. नुसतं तोंडाने सांगा, हात मी लावते.

नवरा : तू?

बायको : का? बायकांनी नांगर टाकू नये असं लिहिलंय का कुठे?

नवरा : दोर आधी स्वतःकडे ओढ. थोडा. मग वर हिसका. वर! आडवा नाही. अगं आडवा ओढलास तर दात झिजतील त्याचे. वर म्हणजे आकाशाकडे. आकाश कुठे आहे?

मेहुणा : आता समजलं ताई, तुझी शिकाऊ मुलं दार उघडून का पळतात ते?

बायको : गप्प बस. हां, सुटला. सुटला! आता?

नवरा : आता सुटला म्हणजे आपण वाहायला लागलो. अडकव!

बायको : अडकवते ना! ओरडताय कशाला? दोर त्या फटीत... हां. बसला.

नवरा : परत.

बायको : परत?

नवरा : चार-पाच वेळा केल्याशिवाय हाताला कळत नाही. सोड. वर. आकाशाकडे. बरं. अडकव. घाई नको. दोर किती सोडलायस बघ, खोलीच्या...

बायको : तिप्पट. ऐकलंय.

नवरा : मागच्या टोकालाच. कुशीला कधी नाही.

बायको : कुशीला कधी नाही. पास का?

नवरा : काठावर.

बायको : चालेल. तर नांगर आजपासून माझ्याकडे. तुम्ही पुढे बसायचं, पट्टा मी लावणार. वल्ही याच्याकडे. रविवारची सकाळ गेली माझी, ते मी दर रविवारी बोलून दाखवणार आणि तुम्ही ऐकून घ्यायचं.

नवरा : आणि डॉक्टर म्हणाले, पाण्यात अजिबात जायचं नाही, तर?

बायको : तर मला खूप वाईट वाटेल आणि मी तुमच्यावरच चिडेन. तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता बोट थांबलीये, तर बसा. मासे धरायला आलोय ना आपण? धरा. मला बघू दे तरी, एवढं काय असतं त्यात.

मेहुणा : काही नसतं, ताई. बघत बसायचं पाण्याकडे. घ्या दाजी, तुमची काठी.

नवरा : दे.

मेहुणा : मी इकडून टाकतो, तुम्ही तिकडे टाका. आज धार कमी आहे त्या बाजूला.

नवरा : हं.

बायको : हे दोघं बोलतायत आणि मी मध्ये गप्प बसलीये. कान कसे शांत वाटतात.

नवरा : बारक्या.

मेहुणा : हं?

नवरा : हा गळ धर जरा.

मेहुणा : का, काय झालं? अडकला कुठे?

नवरा : नाही. गांडूळ लावता येत नाही मला. लावून दे.